‘शंभर टक्के सुरक्षित’ हे विज्ञानाचे वाक्य नव्हे

पाळीव कुत्र्याच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवायची आहे. मालक सुईकडे पाहतो आणि विचारतो, “डॉक्टर, याने कॅन्सर होतो असे वाचले. खरे आहे का?” या प्रश्नाला सर्रास मिळणारी उत्तरे दोन. पहिले, “छे, शंभर टक्के सुरक्षित आहे.” दुसरे, एक हलकेसे हसू आणि “मोबाइलवर येईल ते वाचत जाऊ नका.” पहिले उत्तर चुकीचे आहे, दुसरे उद्धट. दोन्ही उत्तरांनंतर मालक घरी परततो तो आपला प्रश्न सोबत घेऊनच.

त्या प्रश्नाचे खरे उत्तर अवघड नाही. धोका आहे, तो फार लहान आहे, तो कशाकशाचा आहे हे बऱ्यापैकी माहीत आहे, आणि तो वेळीच लक्षात कसा येईल हेही सांगता येते. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे वाचवल्याची किंमत मात्र मोठी आहे, आणि ती कुत्र्यांना, त्यांच्या मालकांना व अखेरीस रेबीजविरुद्धच्या लढ्याला मोजावी लागते.

हा विषय आज निकडीचा झाला आहे, कारण मायक्रोचिप आता हौशी श्वानप्रेमींपुरती राहिलेली नाही. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयीच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनी पैदास करणाऱ्यांवर चिप बसवण्याचे बंधन घातले. युरोपीय संघात किंवा ब्रिटनमध्ये पाळीव कुत्रे न्यायचे तर चिपवाचून कागदपत्रे पुढे सरकत नाहीत. बेंगळुरूत भटक्या कुत्र्यांना चिप बसवण्याचे प्रयोग झाले. भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या आदेशांनंतर कुत्र्यांच्या नोंदणीची चर्चा देशभर सुरू झाली. त्याच वर्षी चेन्नई महापालिकेने पाळीव कुत्र्याचा परवाना रेबीजची लस आणि मायक्रोचिप यांच्याशी जोडला. विनापरवाना प्राणी पाळल्यास ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. इतर शहरे त्याच वाटेने जाण्याच्या बेतात आहेत.

माणूस स्वखुशीने एखादी गोष्ट करतो, तेव्हा तिचे बरेवाईट जाणून घेण्याची जबाबदारी काही अंशी त्याच्यावरही असते. परंतु जी गोष्ट शासन दंडाच्या धाकाने करवून घेते, तिचे धोके समजावून सांगणे हे त्या शासनाचे कर्तव्य ठरते. त्यात मेहेरबानी नाही. सक्ती जितकी कडक, तितका खुलासा स्वच्छ असला पाहिजे. सध्या सक्ती वेगाने पुढे चालली आहे आणि खुलासा मागे रेंगाळला आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी ही काचेची कुपी असते. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ आणला की त्याच्या रेडिओलहरींतून क्षणभर ऊर्जा घेऊन ती एक १५ अंकी क्रमांक परत पाठवते. एरवी ती निपचित असते. ती कुत्र्याचा ठावठिकाणा सांगत नाही, कारण ती जीपीएस नव्हे. तिच्यात मालकाचे नाव, पत्ता वा दूरध्वनी साठवलेला नसतो. तो कुठल्यातरी नोंदवहीत त्या क्रमांकासमोर लिहिलेला असतो. सतत किरणोत्सर्ग होतो, कोणी पाळत ठेवते, या भीतींना आधार नाही. हे ठामपणे सांगता येते आणि सांगितले पाहिजे.

पण अडचण इथेच सुरू होते. चार भीती निराधार ठरल्या की सांगणाऱ्याला उत्साह येतो आणि पाचवीलाही तो त्याच झाडूने झाडून टाकतो. ती पाचवी भीती, म्हणजे चिपेच्या जागी होणाऱ्या विकारांची, निराधार नाही. ती अतिशयोक्त आहे. ‘निराधार’ आणि ‘अतिशयोक्त’ यांतला फरक ज्याला जपता येत नाही, त्याने विज्ञान समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नये.

ज्ञात असलेले असे आहे. ब्रिटनमध्ये लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने १९९६ पासून मायक्रोचिपच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायला सुरुवात केली. ४० लाखांहून अधिक प्राण्यांना चिप बसवल्यानंतर त्या नोंदवहीत ३९१ तक्रारी जमल्या होत्या. त्यांतली सर्वांत जास्त वेळा आढळलेली तक्रार म्हणजे चिप मूळ जागेवरून सरकणे. चिप बंद पडणे, केस गळणे, सूज, जंतुसंसर्ग आणि गाठ या तक्रारी त्याहून पुष्कळ कमी. हे आकडे दिलासा देणारे आहेत, परंतु त्यांची मर्यादाही सोबत सांगावी लागते. ज्या नोंदी कोणी आपणहून कळवल्या तरच होतात, त्या प्रत्यक्षापेक्षा नेहमीच कमी भरतात. खरी संख्या ३९१ पेक्षा जास्त असणार. तरीही ती कैक पटींनी जास्त धरली तरी धोका लहानच राहतो. हा युक्तिवाद कोणत्याही सुजाण मालकाला पटण्यासारखा आहे. त्याच्यापासून तो लपवण्याचे कारणच नाही.

दुर्मीळ पण गंभीर अपघातही घडले आहेत. सुई चुकीच्या जागी वा चुकीच्या कोनातून गेल्याने चिप मांजरीच्या पाठीच्या कण्यात शिरून मज्जारज्जूला इजा झाल्याची नोंद २००७ च्या पशुवैद्यकीय साहित्यात आहे. हा दोष वस्तूपेक्षा हाताचा अधिक. म्हणून चिप कोण बसवतो, त्याचे प्रशिक्षण काय, प्राण्याला नीट धरले आहे का, हे मालकाने विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. महापालिकेच्या शिबिरात रांगेने शेकडो कुत्र्यांना चिपा बसवल्या जाणार असतील, तर हा प्रश्न अधिकच रास्त ठरतो.

आता गाठीचा प्रश्न. प्रयोगशाळेतील उंदरांना ओळखीसाठी अशाच चिपा बसवल्या जातात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात ४,२७९ उंदरांपैकी ३६ उंदरांना, म्हणजे सुमारे ०.८ टक्क्यांना, चिपेच्या जागी गाठ आढळली. २००६ च्या एका फ्रेंच अभ्यासात १,२६० पैकी ५२ उंदरांत, म्हणजे ४.१ टक्के. कर्करोगाला लवकर बळी पडावेत अशी जनुकीय रचना केलेल्या उंदरांत हे प्रमाण १९९९ च्या एका अभ्यासात १० टक्क्यांवर गेले. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या भयकथांचे मूळ याच आकड्यांत आहे. आकडे खरे आहेत. कोणी बनवलेले नाहीत. म्हणूनच ‘हे सगळे खोटे आहे’ असा लाल शिक्का मारणारी सत्यशोधने स्वतःच तोंडघशी पडतात. ज्या मालकाने मूळ शोधनिबंध उघडून पाहिला, त्याच्या दृष्टीने त्या क्षणापासून शिक्का मारणारा खोटा ठरतो आणि भय पसरवणारा खरा.

उंदीर आणि कुत्रा यांत फरक का करायचा, हे समजावून सांगता येते. कातडीखाली कोणतीही घट्ट, गुळगुळीत वस्तू दीर्घकाळ राहिली की तिच्याभोवती गाठ होण्याची प्रवृत्ती उंदीर-घुशींसारख्या कृंतक प्राण्यांत विशेष असते. चिपा येण्याच्या कितीतरी आधीपासून संशोधकांना ती माहीत आहे. शिवाय ३०-४० ग्रॅम वजनाच्या उंदराच्या अंगात १२ मिलिमीटरची कुपी म्हणजे केवढी, आणि २० किलोच्या, म्हणजे सुमारे पाचशेपट वजनाच्या, कुत्र्याच्या अंगात केवढी, हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येतो. म्हणून उंदरांतली टक्केवारी जशीच्या तशी कुत्र्याला लावणे चूक आहे. पण ‘उंदरांत होते, म्हणजे कुत्र्यांत होतच नाही’ हेही तितकेच चूक. इटलीतील नऊ वर्षांच्या एका फ्रेंच बुलडॉगच्या चिपेच्या जागी सार्कोमा आढळल्याची नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. कुत्र्यामांजरांतल्या अशा आणखी काही नोंदी आहेत. बोटांवर मोजण्याइतक्या, पण आहेत. त्यांतही दोष चिपेचा की त्याच भागात पूर्वी टोचलेल्या लसींचा, हे ठरवणे पुष्कळदा अवघड असते. जगभर कोट्यवधी प्राण्यांच्या अंगात चिपा आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या मूठभर नोंदींचे वजन कळते.

शाळेत अपूर्णांक शिकवताना अंश आणि छेद असे दोन शब्द शिकवतात. मायक्रोचिपविषयीचा सारा गोंधळ या दोन शब्दांत मावतो. भय पसरवणारे अंश दाखवतात आणि छेद झाकतात: बुलडॉगचा फोटो, गाठीचा फोटो, खाली ‘तुमच्याही कुत्र्याला?’ असा प्रश्न. त्यामागच्या कोट्यवधी निरोगी प्राण्यांचा उल्लेखही नाही. अधिकारी आणि तज्ज्ञ याच्या उलट करतात. कोट्यवधींचा छेद मोठ्या आवाजात सांगतात आणि अंश गिळून टाकतात. अंशावाचून छेद हाही अर्धाच अपूर्णांक आहे. पहिल्या फसवणुकीला अफवा म्हणतात, दुसरीला ‘जनजागृती’. नाव चांगले असल्याने दुसरीची चिकित्सा होत नाही, एवढाच फरक.

यावर नेहमीचा आक्षेप असा की लोकांना धोका सांगितला तर ते घाबरतील, चिप बसवणार नाहीत, आणि हरवलेले कुत्रे घरी पोचण्याची एक चांगली सोय वाया जाईल. आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यातली काळजी खरी आहे. चिपेचा उपयोग वादातीत आहे. अमेरिकेतील ५३ निवारागृहांतील प्राण्यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की तिथे आलेल्या मोकाट कुत्र्यांपैकी एकूण सुमारे २२ टक्के मालकाकडे परत गेले; चिप असलेल्यांपैकी ५२ टक्क्यांहून अधिक. मांजरांत हा फरक डोळे विस्फारावेत असा होता: २ टक्क्यांहूनही कमी विरुद्ध ३८ टक्क्यांहून अधिक. ज्याचे कुत्रे दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून पळाले आणि परत आले नाही, त्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण आक्षेपाचा निष्कर्ष चुकतो. धोका सांगितल्याने लोक जितके घाबरतात, त्याहून कितीतरी अधिक ते धोका लपवला होता हे कळल्यावर घाबरतात. याचा पुरावा शोधायला दूर जायला नको. कोविशिल्ड लशीनंतर अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हे २०२१ मध्येच माहीत होते. भारत सरकारच्या समितीने त्या वर्षी मे महिन्यात तसा अहवालही दिला होता: गुठळ्यांची २६ संभाव्य प्रकरणे, दर दहा लाख मात्रांमागे ०.६१. प्रमाण नगण्य होते. पण ही माहिती लसीकरण केंद्रातल्या माणसापर्यंत, त्याला समजेल अशा भाषेत, पोचलीच नाही. तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, लशीच्या मूळ कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात तेच मान्य केल्याची बातमी आली आणि देशभर काहूर उठले. तोवर लस घेऊन वर्षे लोटली होती. धोक्याचा काळ केव्हाच सरला होता. तरीही अचानक आलेल्या प्रत्येक मृत्यूकडे लोक संशयाने पाहू लागले. नवे काही कळले नव्हते. आधी सांगितले नव्हते, एवढेच कळले होते.

मायक्रोचिपच्या इतिहासातही हेच घडून गेले आहे. माणसांच्या शरीरात बसवायच्या अशाच एका चिपेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये मान्यता दिली. सप्टेंबर २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने उंदरांवरील अभ्यासांचे वृत्त दिले आणि मान्यता देताना हे अभ्यास पाहिले गेले होते का, असा प्रश्न विचारला. खळबळ माजली ती त्या प्रश्नामुळे. अभ्यास वर्षानुवर्षे ग्रंथालयांत उघडे पडले होते. ते लोकांपुढे कोणी मांडले नव्हते. कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण वैज्ञानिक संस्थांच्या दारावर लावण्यासारखी आहे.

याच्या उलट उदाहरणही पशुवैद्यकातच आहे, आणि ते अधिक शिकवणारे आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञांच्या लक्षात आले की मांजरांना लस टोचलेल्या जागी सार्कोमा होण्याच्या घटना वाढत आहेत. प्रमाण काही हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. ‘लसीकरण थांबेल’ या भीतीने गप्प बसण्याचा मार्ग तेव्हाही मोकळा होता. पशुवैद्यकांच्या संघटनांनी तो घेतला नाही. १९९६ मध्ये त्यांनी या प्रश्नासाठी संयुक्त कृतिदल स्थापन केले आणि गोष्ट मालकांपुढे मांडली. लस खांद्यांच्या मध्ये न टोचता पायात, शक्य तितकी खाली टोचावी, म्हणजे गाठ झालीच तर शस्त्रक्रिया करून जीव वाचवता येईल, असे ठरवले. आणि एक साधा नियम घालून दिला: टोचल्या जागेची गाठ तीन महिन्यांनंतरही टिकून असेल, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा एक महिन्यानंतरही वाढत असेल, तर तिचा तुकडा काढून तपासावा. ‘तीन-दोन-एक’ हा नियम आज जगभरचे पशुवैद्य वापरतात. मांजरांचे लसीकरण थांबले नाही. ते अधिक सुरक्षित झाले.

हा नियम मायक्रोचिपच्या जागी येणाऱ्या गाठीलाही तितक्याच सहजपणे लावता येतो. त्यात संवेदनशीलतेचे खरे मर्म दडले आहे. चिंतातुर माणसाला नुसती टक्केवारी दिली तर तो ती हातात धरून बसतो. तिचे काय करावे हे त्याला कळत नाही. त्याला करण्यासारखे काही दिले, की भीतीचे रूपांतर लक्ष ठेवण्यात होते. धोका सांगण्याची कला म्हणजे धोक्यावर साखर पेरणे नव्हे. धोक्यासोबत माणसाच्या हातात काहीतरी देणे, ही ती कला.

आणि चिंतातुर मालक सगळे एकसारखे नसतात. निदान तीन प्रकार तरी वेगळे ओळखावे लागतात. सगळ्यांना एकच पत्रक वाचून दाखवणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

पहिला, ज्याने अजून चिप बसवलेली नाही. त्याला आधी विचारावे: “तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?” त्याची भीती कर्करोगाची नसून कदाचित जाड सुईची असेल, पूर्वीच्या कुत्र्याला भूल देताना घडलेल्या अपघाताची असेल, किंवा आपली माहिती सरकारकडे जाण्याची असेल. न विचारता दिलेले उत्तर बहुधा न विचारलेल्या प्रश्नाचे असते. मग सांगावे ते साधारण असे: “चिप सरकू शकते, क्वचित सूज किंवा जंतुसंसर्ग होतो. त्या जागी गाठ झाल्याच्या नोंदीही आहेत, पण कोट्यवधी प्राण्यांत त्या अगदी मोजक्या आहेत. दर वर्षी लशीच्या वेळी मी चिप स्कॅन करीन आणि ती जागा हाताने तपासीन. मधल्या काळात गाठ लागली आणि ती वाढत असेल तर वाट पाहू नका, लगेच या.” यात एकही शब्द लपवलेला नाही आणि एकही शब्द घाबरवणारा नाही.

दुसरा, ज्याच्या कुत्र्याला चिप बसून चार वर्षे झाली आहेत, कुत्रे ठणठणीत आहे, आणि काल रात्री एक संदेश वाचल्यापासून तो पुन्हा पुन्हा त्याच्या मानेवरून हात फिरवतो आहे. ‘काढून टाका’ असे तो म्हणतो. त्याला हसू नये. चिप काढायची तर शस्त्रक्रिया आणि बहुधा भूल आली. निरोगी प्राण्याला तो धोका पत्करायला लावणे शहाणपणाचे नाही, हे त्याला तोलून दाखवावे. तोलून दाखवणे आणि झिडकारणे यांत वेळेचा फरक थोडा असतो, परिणामाचा फार.

तिसरा, ज्याच्या कुत्र्याला खरोखरच त्या जागी गाठ आहे. त्याच्यापुढे आकडे उच्चारू नयेत. ‘लाखांत एखाद्याला होते’ हे वाक्य त्या एकाच्या मालकाला सांगणे क्रूरपणाचे आहे, कारण त्याच्यापुरता छेद एकच असतो. मानेवरच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. चरबीची गाठ, गळू, लशीनंतरची सूज अशा असतात, हे त्याला सांगावे, पण तपासल्याशिवाय खात्री देऊ नये. तुकडा तपासायला पाठवावा. गाठ काढावी लागली तर चिपही काढून विकृतिशास्त्रज्ञाकडे जावी. आणि एक गोष्ट त्याला कोणी तरी स्पष्टपणे म्हणावी: चिप बसवण्याचा निर्णय त्याने कुत्र्याच्या भल्यासाठी, आणि शक्यतो कायद्याच्या सांगण्यावरून, घेतला होता, तो गुन्हा नव्हता. प्राण्याला वाढवणाऱ्या माणसाच्या मनात अशा वेळी अपराधाची जी बोच उठते, ती कोणत्याही शोधनिबंधात नोंदली जात नाही. दवाखान्यात ती रोज दिसते.

पण हे सारे एकट्या पशुवैद्यावर ढकलून मोकळे होता येणार नाही. त्याच्या मागे व्यवस्था हवी. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना चिप सक्तीची करणाऱ्या २०१५ च्या नियमांनी दुष्परिणाम, चिप सरकणे किंवा बंद पडणे आढळल्यास सरकारला कळवण्याचेही बंधन घातले होते. सक्ती आणि नोंद तिथे एकाच कायद्यात, एकमेकींचा हात धरून आल्या. भारतात सक्ती आली, नोंदीचे काय?

इथे कायद्यातली एक फट दिसते. वैद्यकीय साधनांना औषधांच्या कायद्याखाली आणणारी केंद्र सरकारची अधिसूचना १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. तिच्या व्याख्येत माणसांबरोबर प्राण्यांसाठीची साधनेही आहेत, आणि शरीरात बसवायच्या वस्तूही आहेत. पण त्या कशासाठी, याची यादी पुढे आहे: रोगाचे निदान, प्रतिबंध, उपचार, इजा वा अपंगत्वात साहाय्य, शरीररचनेत बदल, जीवनाधार, साधनांचे निर्जंतुकीकरण, गर्भधारणेचे नियंत्रण. ‘ओळख पटवणे’ हा उद्देश त्या यादीत नाही. म्हणजे जन्मभर शरीरात राहणारी वस्तू, केवळ ती आजार बरा करत नाही म्हणून, वैद्यकीय साधनांच्या देखरेखीबाहेर राहू शकते. गाईम्हशींच्या कानातला पिवळा १२ अंकी बिल्ला डोळ्यांना दिसतो. तिथे जखम झाली तर गुराख्याला कळते. चिप दिसत नाही. जी दिसत नाही, तिची नोंद अधिक काटेकोर हवी.

म्हणून मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. चिप सक्तीची करणाऱ्या प्रत्येक महापालिकेने परवान्याच्या अर्जासोबत स्थानिक भाषेत एक पान द्यावे. त्यावर ज्ञात धोके अंश आणि छेद या दोहोंसह असावेत, तीन-दोन-एकचा नियम असावा, आणि तक्रार कळवण्याचा दूरध्वनी असावा. चिप बसवणारा हात प्रशिक्षित असावा आणि त्याचे नाव त्या पानावर असावे. तक्रारी देशपातळीवर एका ठिकाणी जमा होऊन दर वर्षी प्रसिद्ध व्हाव्यात, मग त्या पाच असोत की पाचशे. मालकाचा दूरध्वनी बदलला तर तो नोंदवहीत बदलण्याची सोय सुलभ असावी. अमेरिकेच्या त्याच अभ्यासात मालक न सापडण्याचे सर्वांत मोठे कारण चुकीचा किंवा बंद पडलेला क्रमांक हेच होते. चिपेचे धोके लपवणारे तिच्या लाभाच्या अटीही सांगत नाहीत, हा योगायोग नव्हे. दोन्हींच्या मुळाशी मालक हा समजून घेणारा माणूस नसून रांगेतला एक आकडा आहे, हीच समजूत आहे.

आता या सगळ्याची रेबीजशी सांगड कुठे बसते, ते पाहिले पाहिजे. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चेन्नईसारख्या शहरांनी लस, चिप आणि परवाना यांची एकच साखळी केली, ती याच हेतूने, आणि हेतू योग्य आहे. पण साखळीचा गुणधर्म असा की एक कडी सुटली की बाकीच्याही निखळतात. चिपेला घाबरलेला मालक फक्त चिप टाळत नाही. तो दवाखाना टाळतो, शिबिर टाळतो, परवाना टाळतो. आणि त्याचे कुत्रे लशीवाचून राहते. त्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला मायक्रोचिपच्या वादाशी काही देणेघेणे नसते.

त्या मालकाला परत दवाखान्यात आणण्याचा मार्ग त्याची अक्कल काढण्यातून जात नाही, आणि खोटी हमी देण्यातून तर नाहीच. ज्याला कर्जाचा हप्ता, पावसाची सरासरी आणि फलंदाजाची धावगती समजते, त्याला ‘लाखांत किती’ हेही समजते. समजावून सांगणाऱ्याने आधी ते सांगायला हवे. पशुवैद्य, महापालिका आणि विज्ञानाच्या नावाने लिहिणारे सगळे, या तिघांनी ‘शंभर टक्के सुरक्षित’ हे शब्द आपल्या कोशातून काढून टाकावेत. चिप बसवण्याआधी, सुई हातात घेण्याआधी, मालकासमोर बसून सांगावे: धोका एवढा आहे, लाभ एवढा आहे, आणि काही झालेच तर दार उघडे आहे.